हॅकॅथॉनचे परीक्षण आणि वेगाची कसोटी

‘हॅकॅथॉन’ हा जोडशब्द १९९९ साली प्रचारात आला. त्या वर्षी कॅनडातील कॅल्गरी येथे ओपनबीएसडी या प्रणालीचे १० आज्ञावलीकार एकत्र बसले. तेथे परीक्षक नव्हते, पारितोषिकही नव्हते. लिहिलेले पुढे टिकते की नाही, हीच परीक्षा. भारतात २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन’मध्ये सलग ३६ तासांची मुदत आली आणि तिच्याबरोबर परीक्षकही आले. अशा स्पर्धांतून नावीन्य, उपयुक्तता व मांडणी यांस गुण देण्याचा प्रघात आहे. (मांडणीचे गुण बहुधा वक्तृत्वासच मिळतात.) परंतु ३६ तासांत काहीतरी उभे राहिले म्हणजे निर्मिती वेगवान झाली, हे गृहीत आम्हांस मान्य नाही.

समजा, दोन संघांनी मराठी शोधयंत्रे सादर केली. ‘पाणी’ असे लिहिताच दोन्ही यंत्रे ‘पाण्यात’, ‘पाण्याने’ ही रूपे शोधून देतात. एकाने रूपांची यादी हाताने भरली आहे. दुसऱ्याने सामान्यरूपाचा नियम लिहिला आहे. आता परीक्षकाने ‘वाणी’ हा शब्द द्यावा. दुकानदार या अर्थी तो पुंल्लिंगी, म्हणून ‘वाण्याला’. वाचा या अर्थी स्त्रीलिंगी, म्हणून ‘वाणीला’. येथे दोन्ही यंत्रे अडखळतील. गंमत अशी की, यादीवाला संघ दोन रूपे भरून आधी मोकळा होईल आणि नियमवाला लिंगभेदाची अट घालीत बसेल. याच क्षणी घड्याळ थांबवले, तर निकाल उलटा लागेल. पुढे ‘कोळी’ व ‘पोळी’ हे शब्द द्यावेत. पहिल्या संघास पुन्हा यादी भरावी लागेल. दुसऱ्यास शब्दाचे लिंग तेवढे नोंदवावे लागेल.

फोर्सग्रेन, हंबल व किम यांच्या ‘ॲक्सिलरेट’ (२०१८) या ग्रंथात निर्मितीचा वेग मोजताना बदल किती वारंवार व किती लवकर वापरात येतो याबरोबरच किती बदल बिघडतात आणि बिघाड किती वेळात निस्तरतो, हेही धरले आहे. वेग आणि स्थैर्य परस्परविरोधी नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष महत्त्वाचा होय. ३६ तासांच्या स्पर्धेत ही मापे जशीच्या तशी लावता येणार नाहीत. तथापि, सादरीकरणातील दहा मिनिटे कमी करून प्रत्येक संघास एकामागून एक दोन अनपेक्षित बदल सांगणे सहज शक्य आहे. थकलेल्या विद्यार्थ्यांवर हा अन्याय होईल, असा आक्षेप येईल. त्यावर उपाय म्हणून हे बदल दुसऱ्या दिवशी सकाळी, झोपेनंतर द्यावेत आणि गुण दुसऱ्या बदलास द्यावेत.