स्पेस शटलचा उत्तराधिकारी : निवडीच्या निकषांची एक चिकित्सा

स्पेस शटलच्या जागी कोणते यान आणावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा पंखयुक्त यान श्रेष्ठ की कुपी श्रेष्ठ, या वादात अडकते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा वाद दुय्यम होय. जे यान अद्याप उडालेलेच नाही, त्याच्या सुरक्षिततेविषयी कोणता पुरावा ग्राह्य मानावा, हा मूळ प्रश्न आहे.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील उष्णतारोधक फेसाचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात शटलला पर्याय उभा न राहणे हे राष्ट्रीय नेतृत्वाचे अपयश ठरविले. तसेच नव्या यानाच्या रचनेत काटकसर व पुनर्वापर यांहून अंतराळवीरांच्या सुरक्षिततेला अग्रक्रम द्यावा, असे बजावले.

नासाच्या २००५ च्या अभ्यासगटाने हे तत्त्व मान्य केले. माणसे आणि अवजड माल यांची वाहने निराळी केली. कुपी अग्निबाणाच्या माथ्यावर ठेवली. त्यामुळे फेस आदळण्याचा धोका टळला आणि संकटसमयी कुपी दूर ओढून नेण्याची सोय झाली. इथवर विचारसरणी निर्दोष आहे.

दोष पुढे शिरतो. नियोजित अग्निबाणाच्या आरोहणात सुमारे २००० उड्डाणांत एकदाच प्राणहानी संभवते, असे गणित मांडले गेले. शटलचा चार खंडांचा घन इंधनाचा बूस्टर आणि शटलचेच मुख्य इंजिन, म्हणजे कसोटीस उतरलेले भाग, हा या योजनेचा मोठा आधार होता. परंतु २००६ मध्ये बूस्टर पाच खंडांचा झाला आणि इंजिनही बदलले. आधार गेला, निर्णय मात्र कायम राहिला. पुढे बूस्टरच्या कंपनांची चिंता उद्भवली आणि २०१० मध्ये ही योजना रद्द करण्याचा प्रस्ताव आला.

वस्तुतः हा धडा नवा नव्हता. चॅलेंजरच्या १९८६ च्या अपघातानंतर रिचर्ड फाइनमन यांनी दाखवून दिले होते की, अपघाताची शक्यता अभियंते शंभरात एक मानीत, तर व्यवस्थापक लाखात एक. प्रत्यक्षात १३५ उड्डाणांत दोन याने आणि चौदा माणसे गेली.

यावर असा आक्षेप संभवतो की, अनुभवाचाच पुरावा मागितला तर नवे यान कधी जन्मासच येणार नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु अनुभव माणसांच्या जिवावरच मिळवावा असे नाही. शटलने १९८१ मध्ये पहिल्याच उड्डाणात दोन माणसे नेली. याउलट फाल्कन-९ हा अग्निबाण २०१० पासून उडत होता. २०१५ व २०१६ मधील त्याच्या दोन अपघातांत माल गेला, माणसे नव्हे. मे २०२० मध्ये त्यावरून अंतराळवीर गेले, तेव्हा निर्णयामागे केवळ गणित नव्हते.

तात्पर्य, गणित हे पर्यायांची तुलना करण्याचे साधन आहे, सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. ज्या गृहीतांवर निवड झाली ती बदलताच निवडीचा पुनर्विचार करणे हे निवड करणाऱ्याचे कर्तव्य ठरते. कारण त्याच्या चुकीचे मोल चुकविणारे यानात बसलेले असतात.