नियमपुस्तक उरतं, जाणकार जातात

२०२३ हे साल ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाच्या भरभराटीचं होतं. या खेळाच्या नियमांवर बेतलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम जगभर गाजत होता. प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट ज्या विभागात मोडते, त्याची विक्रीही त्या वर्षी १० टक्क्यांनी वाढली. तरी ११ डिसेंबरला मालक कंपनी हॅस्ब्रोने ११०० जणांच्या कपातीची घोषणा केली. वर्षारंभी जाहीर केलेली सुमारे १००० जणांची कपात निराळी. खेळण्यांचा धंदा मंदावल्याने हॅस्ब्रोची एकूण विक्री १५ टक्क्यांनी खाली आली होती, पण कुऱ्हाड कमावत्या घरावरही पडली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे एक प्रमुख रचनाकार माइक मर्ल्स यांची नोकरी त्यातच गेली. ‘बाल्डर्स गेट ३’ घडवणाऱ्या लॅरियनच्या स्वेन विंके यांनी तेव्हा उघड खंत व्यक्त केली: सुरुवातीच्या बैठकीला विझर्ड्सकडून जे बसले होते, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच आता तिथे नाही.

यावर बरेच खेळाडू म्हणतात, आपल्याला काय त्याचं? पुस्तक घरात आहे, फासे डब्यात आहेत, शनिवारी मंडळी जमणारच. यात तथ्य आहे. छापलेलं पुस्तक कोणी परत नेत नाही. पण नियमपुस्तक छापून झालं म्हणजे खेळ घडून संपत नाही.

एक उदाहरण पाहा. २०१४च्या नियमांनुसार अदृश्य पात्राला हल्ला करताना फायदा मिळतो: वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. समोरच्याने अदृश्य ते पाहण्याचा मंत्र वापरला, तर हा फायदा जातो का? कोणीही म्हणेल, जायलाच हवा. पण नियमाच्या शब्दांप्रमाणे तो जात नव्हता, आणि तेव्हा नियमांची जबाबदारी सांभाळणाऱ्या जेरेमी क्रॉफर्ड यांनी तसाच निर्वाळा दिला. यावर खेळाडूंनी हिरिरीने वाद घातले. २०२४च्या आवृत्तीत नियम बदलला: जो तुम्हाला पाहू शकतो, त्याच्याविरुद्ध फायदा नाही. दहा वर्षांपूर्वी ते वाक्य का लिहिलं आणि ते कुठे अडलं, हे ठाऊक असलेला माणूस दुरुस्तीच्या वेळीही जागेवर होता. कपातीत अशीच माणसं जातात. मग नवा लेखक जुनी चूक नव्याने करतो आणि तिची किंमत टेबलावरचे खेळाडू मोजतात.

जानेवारी २०२०मध्ये फँटसी फ्लाइट गेम्सने रोल-प्लेइंग विभागातल्या माणसांना काढलं, तेव्हा नुकसान हाताला जाणवेल असं होतं. त्यांचा ‘स्टार वॉर्स’ खेळ आकड्यांवर नव्हे, तर यश, संधी, संकट अशी चिन्हं कोरलेल्या खास फाशांवर चालतो. पुढे तो खेळ एज स्टुडिओकडे गेला, पण मधल्या काळात फासे मिळणं दुरापास्त झालं. साधे फासे टाकून तक्त्यात चिन्ह शोधायची सोय पुस्तकात आहे; मात्र दर फेकीला तक्ता पाहायचा म्हटलं की प्रसंगाची रंगत जाते.

कारणं नेहमी कंपनीच्या आतलीच असतात असंही नाही. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं आयातशुल्क १४५ टक्क्यांवर नेलं. बहुतेक खेळांचे खोके चीनमध्येच बनतात. ‘स्पिरिट आयलंड’सारखा नावाजलेला खेळ काढणाऱ्या ग्रेटर दॅन गेम्समधल्या बहुतेकांची नोकरी त्याच महिन्यात गेली. अशा वेळी आगाऊ पैसे भरून पुढच्या भागाची वाट पाहणारा खेळाडू अधांतरी लटकतो. डिजिटल खेळाडूचं तर आणखी कठीण. विझर्ड्सचं ‘सिजिल’ हे त्रिमितीय आभासी टेबल फेब्रुवारी २०२५मध्ये खुलं झालं आणि महिन्याभरात ते घडवणाऱ्यांपैकी सुमारे ३० जणांना घरी पाठवलं गेलं. पुस्तक कपाटात राहतं, पण सर्व्हर दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो.

या पडझडीतून नवंही उगवतं, हे मान्य करायला हवं. विझर्ड्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनी २००२मध्ये पायझो उभी केली आणि २००९मध्ये तिने ‘पाथफाइंडर’ हा खेळ दिला. तो शक्य झाला इतरांनाही नियम वापरू देणाऱ्या विझर्ड्सच्याच २०००च्या खुल्या परवान्यामुळे. तोच परवाना बदलण्याचा घाट विझर्ड्सने जानेवारी २०२३मध्ये घातला, तेव्हा खेळाडूंनी रान उठवलं आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले करून घेतले. ही मोठी कमाई आहे. पण परवाना नियमांचे शब्द वाचवतो, त्यामागची समज नाही. नवी संस्था उभी राहिली म्हणून जुनी उधळण्याचं समर्थन होत नाही.

म्हणून खेळाडूंनी आपली निष्ठा बोधचिन्हाला नव्हे, तर श्रेयनामावलीतल्या नावांना द्यावी. ती माणसं कुठे गेली हे शोधावं, त्यांची नवी पुस्तकं घ्यावीत. २०२१मध्ये पायझोच्या कामगारांनी संघटना स्थापन केली आणि व्यवस्थापनाने तिला मान्यता दिली. असं घडतं तेव्हा खेळाडूंनी पाठीशी उभं राहायला हवं, कारण रचनाकाराची नोकरी टिकणं हा आपल्याही खेळाचाच प्रश्न आहे.