चौकटीबाहेरची मुळशी

एखाद्या प्रदेशाचा दृश्य-इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक प्रथम छायाचित्रे गोळा करतो. हे स्वाभाविकच आहे. परंतु छायाचित्र म्हणजे आयता पुरावा, अशी समजूत करून घेतली की घोटाळ्यास प्रारंभ होतो. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातिजमातींवर १८६३ आणि १८६६ साली दोन खंड काढले. त्यांत माणसे एकीकडची आणि पाठीमागचे देखावे दुसरीकडचे, अशी जोडकामे आहेत. त्यांवरून त्या काळची मुंबई ओळखू पाहणाऱ्याची फसगत ठरलेलीच!

क्रिस्टोफर पिनी यांच्या 'कॅमेरा इंडिका' (१९९७) या ग्रंथाने या अभ्यासाला शिस्त लावली. वसाहतकाळातील छायाचित्रणामागे त्यांना दोन वृत्ती दिसतात: लोप पावू लागलेल्या समाजांची नोंद करून ठेवण्याची एक, आणि माणसांची ओळख पटवून त्यांच्यावर नजर ठेवण्याची दुसरी. विवेचन मार्मिक आहे. पण ते मुळशीच्या खोऱ्यात नेले, की त्याची मर्यादा कळते.

टाटांच्या वीजयोजनेसाठी येथे धरण होऊ लागले, तेव्हा १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्यासाठी कारावास सोसला. तरीही धरण झालेच. आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला पोचली. येथील गावे आपोआप लोप पावत नव्हती. ती बुडविली गेली. हा फरक 'नोंद' या शब्दात मावत नाही.

बांधकामाचे छायाचित्र काम किती झाले हे दाखविण्यासाठी घेतले जाते. त्यात भिंत मधोमध असते. खाचर असलेच तर कोपऱ्यात. छायाचित्रकाराच्या हेतूपेक्षा अधिक काही भिंगातून आत शिरते, हे पिनी यांचेच म्हणणे येथे उपयोगी पडते. अभ्यासकाने त्या कोपऱ्यात रेंगाळावे.

मात्र कोपराही पुरेसा नाही. ज्यांच्या दारी कॅमेरा गेलाच नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी भूसंपादनाचे कागद, जुने नकाशे आणि राजेंद्र व्होरा यांनी लिहिलेला सत्याग्रहाचा इतिहास छायाचित्राशेजारी मांडावा लागेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रकल्पात जमलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत मुळशीच्या बायकांचाही आवाज आहे. तोही ऐकावा लागेल.

आज पावसाळ्यात या जलाशयाची असंख्य छायाचित्रे निघतात आणि तलाव जणू निसर्गानेच निर्माण केला असावा असा दिसतो. हा भास दूर करणे, हेच दृश्य-इतिहासाचे येथले पहिले काम होय.