मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि रखडलेली आवृत्ती : रेमंड यांच्या सिद्धांताची मर्यादा

एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये सादर केलेला ‘द कथीड्रल अँड द बझार’ हा निबंध मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या चर्चेत आजही प्रमाणभूत मानला जातो. मूळ संहिता सर्वांना खुली ठेवावी, आवृत्त्या लवकर व वारंवार प्रसिद्ध कराव्यात, म्हणजे ती अनेकांच्या नजरेखालून जाऊन दोष उघडे पडतात, हे त्यातील मुख्य प्रतिपादन होय. रखडलेल्या कामावर अधिक माणसे नेमल्यास विलंब वाढतोच, हा फ्रेड ब्रुक्स यांचा १९७५ मधील नियम स्वयंसेवकांच्या या बाजारात बऱ्याच अंशी निष्प्रभ होतो, असेही रेमंड मानतात.

या प्रतिपादनातील ग्राह्यांश मोठा आहे. परंतु त्यांची दोन प्रमुख उदाहरणे तपासली असता एक गोष्ट नजरेत भरते. लिनक्सच्या गाभ्याची सूत्रे लिनस टॉरवाल्ड्स यांच्या हाती होती. फेचमेलची स्वतः रेमंड यांच्या. काम अनेकांचे असले, तरी आवृत्ती केव्हा पूर्ण झाली हे ठरविणारा एकच होता. रेमंड संयोजकाच्या गुणांविषयी लिहितात; पण त्याचा हा अधिकार सिद्धांताची पूर्वअट आहे, हे ते मांडीत नाहीत.

या उणिवेची कसोटी १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात लागते. त्याची १९९८ ची घटना कोणावरही काम करण्याचे बंधन घालीत नाही. साहजिकच निवडून आलेला प्रमुखही कोणाकडून सक्तीने काम करवून घेऊ शकत नाही. जुलै २००२ मधील ३.० या आवृत्तीनंतर ३.१ ही जून २००५ मध्ये आली. या काळात श्रमदान आटले नव्हते. संग्रहात हजारो नव्या पॅकेजांची भर पडली. अडले होते ते सर्वांना लागणारे, पण कोणा एकाचे नसलेले काम : संगणकावर प्रणाली बसविण्याचा नवा कार्यक्रम आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्यांची यंत्रणा.

२००६ मध्ये देणग्या जमवून आवृत्तीच्या व्यवस्थापकांना मानधन देण्याचा ‘डंक-टँक’ हा प्रयोग झाला. एकाला वेतन व दुसऱ्याला केवळ समाधान, हा भेद अनेकांना खटकला. काहींनी आपले काम कमी केले. डिसेंबर २००६ मध्ये अपेक्षित असलेली ४.० ही आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये निघाली. विलंबाचे सारे खापर या वादावर फोडणे योग्य नव्हे. तथापि पैशाने प्रश्न सुटला नाही, एवढे स्पष्ट आहे.

उपाय निघाला तो निराळाच. नवी भर केव्हा थांबवावयाची, तो काळ आधी निश्चित करण्याचे धोरण २००९ मध्ये स्वीकारले गेले. गंभीर दोष असलेली व इतरांना अत्यावश्यक नसलेली पॅकेजे आगामी आवृत्तीतून आपोआप वगळण्याची प्रथा २०१३ मध्ये सुरू झाली. २०११ पासून २०२५ पर्यंतच्या आवृत्त्या सुमारे दोन वर्षांच्या अंतराने निघाल्या आहेत. स्वयंसेवक स्वतंत्रच राहिले. मात्र एकाच्या अपुऱ्या कामासाठी सर्वांनी थांबण्याचे कारण उरले नाही.

हाही बाजारच, असे रेमंड यांचे समर्थक म्हणू शकतील. तसे मानले, तरी बाजार उठण्याची वेळ ठरवावी लागते, हे मान्य करावे लागेल. विलंबाचा दोष स्वयंसेवकांच्या अनास्थेवर ढकलण्यापूर्वी, काम संपविण्याचा अधिकार कोणाकडे अथवा कोणत्या नियमाकडे आहे, हे अभ्यासकाने पाहिले पाहिजे. रेमंड यांच्या निबंधाला हा प्रश्न पडलेला नाही.