रुक्मिणीचे पत्र आणि यमूची कहाणी

बदलापूर-अंबरनाथहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये हल्ली मुली मोबाइलवर कादंबऱ्या वाचताना दिसतात. पुष्कळशा प्रेमाच्या असतात आणि बहुतेकींचा सांगाडा एकच असतो : दोघांची मने जुळतात, घर आडवे येते. आपल्यातील वडीलधारी मंडळी म्हणतात, हे नवे वारे आहे. पण हे वारे नवे नाही. हरी नारायण आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून आपल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः छापली. प्रेम आणि घराचा धाक यांचा झगडा तिच्याइतका खोलवर मांडणारे पुस्तक माझ्या वाचनात दुसरे नाही. वारकऱ्याने ते जरूर वाचावे आणि वाचताना शेजारी नाथबाबांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ ठेवावे, असे मला वाटते.

कादंबरी यमूने स्वतः सांगितलेली कहाणी आहे. लहानपणीच लग्न होते. नवरा घरच्यांनीच पसंत केलेला. रघुनाथराव शिकलेला, सरळ मनाचा. त्याच्या उत्तेजनाने ती लिहू-वाचू लागते आणि दोघांत खरा जिव्हाळा उत्पन्न होतो. मुंबईत वेगळा संसार थाटल्यावर तिला थोडे दिवस मोकळा श्वास मिळतो. पुढे रघुनाथराव जातो. यमू पुन्हा शंकरमामंजींच्या ताब्यात सापडते आणि तिचे बळजबरीने केशवपन होते. मैत्रीण दुर्गीच्या संसाराची कथाही अशीच अंगावर काटा आणणारी आहे.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आजच्या प्रेमकथांत भांडण निवडीवरून असते : मुलगा कोणाचा, जात कोणती, पगार किती. यमूच्या बाबतीत निवड तर घराचीच होती. तरीही त्या दोघांचे एकमेकांशी मोकळेपणाने बोलणे, तिने हातात पुस्तक धरणे घराला खुपते. म्हणजे मूळ प्रश्न पसंतीचा नाही, हक्काचा आहे. सून किंवा मुलगी ही घराची वस्तू, तिचे मनही घराच्या मालकीचे, ही समजूत असेल तर स्थळ कितीही मनासारखे मिळो, धाक संपत नाही. हरिभाऊंनी हे जे दाखवले ते आजच्या अनेक कादंबऱ्यांना दाखवता येत नाही, कारण त्या लग्नाच्या मांडवातच संपतात.

आता नाथबाबांकडे वळू. शके १४९३ मध्ये काशीक्षेत्री त्यांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. प्रसंग १८. आपल्याकडे उपवर मुलीला चांगले स्थळ मिळावे म्हणून या ग्रंथाचे पारायण करायला बसवतात. पण ग्रंथात आहे काय? थोरला भाऊ रुक्मी बहिणीला शिशुपालाला देण्याचे ठरवतो. बहीण ते मानत नाही. ती स्वतः श्रीकृष्णाला पत्र लिहिते, सुदेव ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पाठवते आणि अंबिकेच्या दर्शनाला गेली असता देव तिला रथात घेऊन जातो. ज्या घरात मुलीने हे पारायण केले, त्याच घरात तिने आपल्या मनातले सांगितले की आकांत होतो. मग त्या पारायणाचा अर्थ कोणी लक्षात घेतला?

दोन्ही कथा एकत्र वाचल्या की हरिभाऊंच्या लेखनातील एक उणेपणही दिसतो. शंकरमामंजी सगळाच काळा रंगवला आहे. वरून सोवळे, आतून लबाडी. असा माणूस वाचला की वाचक निर्धास्त होतो. आपण तसे नाही, असे त्याला वाटते. नाथांच्या ग्रंथात मात्र राजा भीमक आहे. त्याचे लेकीवर प्रेम आहे, त्याच्या मनातही श्रीकृष्णच आहे. पण मुलापुढे त्याचे काही चालत नाही आणि तो गप्प बसतो. आपल्या गावांत शंकरमामंजी थोडे आणि भीमक फार. कादंबरीतल्या धर्मात सोवळे-ओवळे आहे, पण भक्तीचा ओलावा मला कोठे लागला नाही, हीदेखील माझी तक्रार आहे. धर्म म्हणजे केवळ शंकरमामंजी नव्हे. पण त्या काळच्या किती घरांत धर्म याच रूपाने बाईच्या वाट्याला आला, हे आपणही नाकारू नये. पंढरीला निघालेल्या सखूला खांबाला बांधणारे सासर आपल्याच कथांत आहे.

उल्हासनगरच्या एका सप्ताहात एक माउली मला भेटल्या. मुलगी नोकरी करणारी, तिने पसंत केलेला मुलगा दुसऱ्या समाजातला. म्हणाल्या, “महाराज, तिला चार शब्द सांगा, तुमचे ऐकेल.” मी विचारले, “माउली, तिने तुम्हाला काय सांगितले, ते आधी सांगा.” त्यांना ते नीट सांगता येईना. भावकी काय म्हणेल ते मात्र सगळे पाठ होते. मी म्हटले, आधी तिचे पुरते ऐका, मग मला बोलवा. कीर्तनकाराकडे लोक रुक्मीचा निरोप घेऊन येतात. त्याने सुदेवाचे काम करावे, पत्र पोहोचवावे. यमूपाशी शब्द होते, ते वेळेवर पोहोचवणारा सुदेव नव्हता.

याचा अर्थ मन धावेल तिकडे जावे, असा नव्हे. मोहालाही लोक प्रेम म्हणतात. रुक्मिणीने श्रीकृष्णाचे गुण आधी ऐकले, मनात धरले आणि मग निश्चय केला. मुलींनी हे श्रवण करावे. मुलाचे रूप आणि मोटारसायकल पाहून ठरवू नये. आईबापांनी चौकशी करावी, शंका विचाराव्यात, उत्तर ऐकून घ्यावे. विचारणे हा त्यांचा अधिकार आहे. बांधून ठेवणे नव्हे.

शेवटी केसांची गोष्ट. पाठलाग करणाऱ्या रुक्मीला देवाने पकडले, तेव्हा रुक्मिणीनेच भावाच्या प्राणांची भीक मागितली. देवाने त्याला मारले नाही, केस भादरून सोडून दिले. स्वयंवरात अडवणाऱ्याचे केस गेले. हरिभाऊंच्या पुण्यात निरपराध यमूचे गेले. आणि ज्या रुक्मिणीने घराचा निर्णय मोडला, तिनेच घराचा मुलगा वाचवला. मनाजोगा वर निवडणारी मुलगी माहेराची वैरीण होते, हे भय किती पोकळ आहे ते यावरून समजावे. आजही आषाढीला कौंडिण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला येते. तिच्या माहेरची माणसेच ती घेऊन येतात.

राम कृष्ण हरी.