आगगाडीच्या इंजिनाची कुरूपता : एका सौंदर्यविधानाची तपासणी

यंत्राला कुरूप म्हणणे हे वाटते तितके सरळ विधान नाही. एखादा डोंगर किंवा एखादा पक्षी कुरूप आहे असे म्हणताना बोलणाऱ्यापुढे त्या वस्तूचे कसलेही प्रयोजन नसते. आगगाडीचे इंजिन मात्र प्रयोजनापोटीच जन्माला येते; ओढायचे वजन, चढायचा घाट, जाळायचा कोळसा हे सर्व आधी ठरते आणि आकार मागाहून येतो. अशा वस्तूला कुरूप ठरविताना तिच्या रेषांची व वस्तुमानांची रचना फसली आहे असे म्हणावयाचे असते, की ती नेहमीच्या इंजिनासारखी दिसत नाही एवढेच? रेल्वेच्या इतिहासातील विचित्र इंजिनांची वर्णने बहुधा करमणुकीसाठी वाचली जातात. सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाने ती अधिक गंभीरपणे वाचावीत अशी आहेत. कारण कुरूपतेविषयीचे आपले सिद्धांत किती वजन पेलतात हे तेथे उघड होते.

उपयुक्तता म्हणजेच सौंदर्य, ह्या मताचा समाचार एडमंड बर्क ह्याने १७५७ सालीच घेतला होता. जमीन उकरण्याच्या कामी डुकराचे पाचरीसारखे मुसकट अत्यंत सोयीचे असते. मग ते सुंदर का मानले जात नाही, असा त्याचा रोकडा सवाल होता. कांटने १७९० मध्ये स्वतंत्र सौंदर्य आणि प्रयोजनावर अवलंबून असलेले सौंदर्य असा भेद केला व इमारतीसारख्या वस्तू दुसऱ्या वर्गात घातल्या. मराठीत हा प्रश्न सर्वांत निग्रहाने मांडला तो बा. सी. मर्ढेकर ह्यांनी. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मधील त्यांच्या भूमिकेप्रमाणे सौंदर्य हे संवेदनांच्या लयबद्ध रचनेत असते. संवाद, विरोध आणि समतोल ही त्या लयीची तत्त्वे होत. वस्तूचा उपयोग काय हा प्रश्न ह्या भूमिकेत अप्रस्तुत ठरतो. तेव्हा इंजिनाकडे पाहणाराने घाट, कोळसा, ताशी वेग सारे विसरून केवळ आकृती पाहावी, असे तिच्यावरून निष्पन्न होते. हे शक्य आहे काय, आणि शक्य असल्यास त्याने योग्य निर्णय हाती येतो काय, हे काही प्रत्यक्ष इंजिनांवरून पाहता येईल.

एक प्रकार चटकन बाजूस सारता येतो. १९३५ साली इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने ‘किंग हेन्री सेव्हन्थ’ व ‘मॅनॉर्बियर कॅसल’ ह्या दोन इंजिनांना प्रवाहरेखी वेष चढविला. पुढे एक फुगीर गोल नाक, धुराड्यामागे एक शेपटी, इकडेतिकडे काही पत्रे. बाकी इंजिन होते तसेच. त्याच वर्षी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेवर ग्रेस्लीचे ए-४ जातीचे इंजिन आले. त्याच्या पाचरीसारख्या मुखामुळे वाराही कापला जाई आणि धूरही चालकाच्या दृष्टीआड उचलला जाई. ह्याच जातीच्या ‘मॅलार्ड’ने १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा वेग गाठला. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांची कुरूपता उसन्या दागिन्यांची कुरूपता आहे. ते दागिने पुढे हळूहळू उतरविण्यात आले आणि त्यांविषयी मतभेद फारसा नाही. ए-४ च्या पाचरीकडे पाहताना बर्कने हिणवलेल्या मुसकटाचा आकारही पाचरीचाच होता हे मात्र आठवल्यावाचून राहत नाही.

खरी अडचण सुरू होते ती सदर्न रेल्वेच्या क्यू-१ जातीच्या इंजिनापाशी. १९४२ साली, ऐन महायुद्धात, ऑलिव्हर बुलीड ह्याने मालगाड्यांसाठी हे इंजिन रचले व त्याची ४० इंजिने बांधण्यात आली. ब्रिटिश इंजिनाची म्हणून जी एक आकृती शंभर वर्षांत डोळ्यांत ठसली होती, तिचे जवळजवळ प्रत्येक अंग ह्यात गळून पडले आहे. बॉयलरच्या कडेने धावणारी पट्टी नाही. चाकांवरची कमानदार झाकणे नाहीत. चाकांना आरे नाहीत. धुराडे म्हणजे एखादा डबा उलटा ठेवावा तसे. बॉयलरचा गोलवाही दिसत नाही. त्याचे कारण असे की, उष्णता राखण्यासाठी वापरलेले काचतंतूंचे वेष्टन पत्र्याचा भार सोसणारे नव्हते, म्हणून बाहेरचा पत्रा बॉयलरवर न टेकविता खालच्या सांगाड्यावर उभा करावा लागला आणि त्याला बोजड, चौकोनाकडे झुकणारा आकार आला. जे काढले ते वजन वाचविण्यासाठी काढले, जे ठेवले ते ओढण्यासाठी ठेवले. सुमारे ५१ टन वजनाचे हे इंजिन, सहाही चाके जोडलेल्या आणि त्यांखेरीज दुसरी चाके नसलेल्या ब्रिटिश इंजिनांत सर्वांत शक्तिमान ठरले. आणि हलके असल्यामुळे अवजड इंजिनांना मनाई असलेल्या मार्गांवरही ते जाऊ शके.

आता, युद्ध, टंचाई, पोलाद ह्यांचा विचार मनात न आणता केवळ आकृती पाहिली तर क्यू-१ कुरूपच ठरते, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे होईल. पट्टी आणि कमानी ह्या केवळ शोभेच्या नव्हत्या. त्या नजरेला बॉयलरच्या आडव्या वस्तुमानाकडून चाकांच्या वर्तुळांकडे उतरवीत. तो दुवा तुटताच वर एक ठोकळा आणि खाली उघडी चाके असे दोन असंबद्ध भाग उरतात. संवाद नाही, आणि विरोधही रचलेला नाही. तो केवळ घडलेला आहे. युद्धाची हकीकत कळल्यावर त्याविषयी आदर वाटू लागतो, पण आदर म्हणजे सौंदर्य नव्हे. एवढ्यापुरते मर्ढेकरांचे म्हणणे टिकते. उपयुक्ततेची कैफियत ऐकून डोळ्यांनी आपला निकाल फिरवू नये.

परंतु दुसऱ्या एका इंजिनापाशी हाच निकाल डळमळतो, आणि ते इंजिन मराठी मुलखातले आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोरघाट व थळघाट ह्यांच्या विद्युतीकरणाच्या वेळी, १९२८ पासून, १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणारी ४१ मालवाहू इंजिने आणविली. पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ असे नाव मिळाले. त्यांचे कुळ स्विस. गोटहार्डच्या घाटासाठी १९१९ पासून बांधलेल्या इंजिनांप्रमाणेच त्यांची घडण तीन भागांची आहे : मध्ये चालकाच्या कोठड्या असलेली उंच पेटी आणि दोन्ही बाजूंना मोटारी पोटात घेतलेली दोन लांब, बुटकी नाके. मोटारींची शक्ती चाकांकडे जाते ती आडव्या दांड्यांनी. स्वित्झर्लंडमध्ये ह्या आकाराला मगर म्हणतात. घाटातल्या रेल्वे कामगारांनी त्याला नाव दिले ते खेकडा. एक तर उभे असताना त्यातून येणाऱ्या चमत्कारिक कण्हण्याच्या आवाजावरून, आणि दुसरे, चालताना त्या दांड्यांच्या सपसप हालचालीवरून. मगर हे नाव नुसत्या आकृतीवरून पडले. खेकडा हे नाव इंजिनाच्या सहवासातून पडले. लोकांनी ठेवलेल्या नावांत समीक्षा असते, आणि ही समीक्षा काही पंडितांच्या समीक्षेपेक्षा अधिक बारकाईची आहे.

यार्डात सरळ रुळावर उभा असलेला खेकडा पाहिला तर तीन खोकी एकापुढे एक मांडलेली दिसतात. नाके इतकी लांब आणि मधली पेटी इतकी उंच का, ह्याचे कसलेही उत्तर त्या आकृतीत सापडत नाही. बोरघाटात ३७ फुटांमागे १ फुटाचा चढ आणि सतत वळणे. वळणावर दोन्ही नाके आपापल्या चाकांसह रुळाच्या दिशेने वळतात आणि मधली पेटी दोघांच्या मध्ये तोलून राहते. जे भाग सुटे वाटत होते ते सांधलेले आहेत हे आता दिसते. ऐकून समजले असे नव्हे, डोळ्यांना दिसते. दोन बुटक्या वस्तुमानांनी एक उंच वस्तुमान उचलून धरल्याचा समतोल हा ह्या इंजिनाच्या रचनेचा गाभा आहे आणि तो गतीतच प्रकट होतो. येथे मर्ढेकरांच्या तत्त्वात एक दुरुस्ती करावी लागते. लय संवेदनांची असते हे खरे मानले, तरी कोणत्या संवेदना एका रचनेच्या मानायच्या हे वस्तू ठरविते. संगीताची कृती एका स्वरावर थांबून कोणी पाहत नाही. मग चालण्यासाठी केलेल्या वस्तूची आकृती उभ्या छायाचित्रावरून का ठरवावी? क्यू-१ धावू लागले तरी त्याचे दोन भाग असंबद्धच राहतात, खेकड्याचे राहत नाहीत.

येथपर्यंत विवेचन पाहणाऱ्याच्या बाजूने झाले. सौंदर्यशास्त्रात पाहणारा नेहमी फलाटावर उभा असतो. इंजिनात मात्र माणसे राबत असतात आणि त्यांना त्या आकाराची ओळख वेगळ्या मार्गाने होते.

अमेरिकेत फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वेच्या जॉन वूटन ह्याने १८७७ साली अँथ्रसाइट कोळशाचा टाकाऊ चुरा जाळण्यासाठी एक फार रुंद अग्निपेटी तयार केली. तो चुरा सावकाश जळतो, म्हणून जाळी विस्तीर्ण हवी. पेटी इतकी रुंद झाली की मागे बसलेल्या चालकाला पुढचे दिसेना. तेव्हा त्याची कोठडी उचलून बॉयलरच्या मध्यावर, उंटाच्या पाठीवर हौदा ठेवावा तशी, बसविण्यात आली. उंटपाठी इंजिन हे नाव त्यावरूनच पडले. फायरमन मात्र मागेच राहिला, नावापुरत्या छपराखाली, वाऱ्यापावसात. दोघांना एकमेकांशी बोलता येत नसे. एकाला काही झाले तर दुसऱ्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता. चाके जोडणारा दांडा तुटला तर तो नेमका चालकाच्या बैठकीखालून वर येई. अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने पुढे अशी नवी इंजिने बांधण्यास मनाई केली.

ह्याच्या शेजारी सदर्न पॅसिफिक रेल्वेची कोठडी पुढे असलेली इंजिने ठेवून पाहावीत. दिसण्यात ती उंटपाठी इंजिनांहून कमी विचित्र नाहीत; सारे इंजिन उलटे फिरवून मागच्या बाजूने पळविल्यासारखे दिसते. सिएरा नेवाडाच्या डोंगरात बोगदे आणि बर्फ अडविण्यासाठी रुळांवर बांधलेली मैलोगणती लाकडी छपरे होती; त्यांत धूर कोंडून मागच्या कोठडीतील माणसे गुदमरत. इंधन तेल असल्यामुळे ते नळीने कितीही दूर नेता येई, म्हणून कोठडी पुढे आणि धुराडे मागे अशी अदलाबदल करता आली. अशी एकूण २५६ इंजिने झाली. १९४४ साली बांधलेले शेवटचे, ४२९४ क्रमांकाचे, सॅक्रामेंटोच्या संग्रहालयात आहे. एक विपरीत आकार स्वस्त कोळशासाठी माणसे तोडतो, दुसरा माणसांच्या श्वासासाठी इंजिन उलटे करतो. फलाटावरून ह्या दोहोंतील भेद दिसत नाही. दोन्हींकडे बोट दाखवून लोक सारखेच हसतात.

ह्या भेदाचे सर्वांत तीव्र उदाहरण पुन्हा बुलीडचेच आहे. १९४९ मध्ये ब्रायटनच्या कारखान्यातून बाहेर पडलेले त्याचे ‘लीडर’ इंजिन, क्रमांक ३६००१, बाहेरून पाहता क्यू-१ चे प्रायश्चित्त वाटावे असे होते. सपाट बाजू, दोन्ही टोके सारखी, सहा-सहा चाकांच्या दोन बोग्या, सर्व यंत्रणा एका आवरणात. वाफेचे इंजिन असून ते डिझेल किंवा विजेच्या इंजिनासारखे दिसे. संवाद आणि समतोल ह्यांच्या कसोटीला ते क्यू-१ पेक्षा खचित उतरते. आत मात्र वेगळाच प्रकार होता. एका टोकाच्या कोठडीतून दुसरीकडे जाण्यास वाट हवी म्हणून बॉयलर एका बाजूला सरकविला होता. त्यामुळे इंजिन एकीकडे कलू लागले आणि दुसऱ्या बाजूला वजने भरून ते सरळ करावे लागले. फायरमनची जागा मधोमध, अग्निपेटीला लागून, बंद खोलीत. तेथील तापमान सुमारे १२० अंश फॅरनहाइटपर्यंत जाई. पाच इंजिनांपैकी हे एकच पुरे झाले, १९५० पर्यंत त्याच्या चाचण्या चालल्या आणि १९५१ मध्ये ते मोडीत निघाले. तेव्हाच्या छायाचित्रांत त्या नितळ बाजूंवर आतील माणसाची काहीच खूण सापडत नाही.

असमतोल लपविणे आणि असमतोल उघडा ठेवणे ह्यांतील फरक पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. पतियाळा संस्थानात १९०७ ते १९२७ पर्यंत चाललेल्या एकरुळी गाडीचे, बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने बांधलेले इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. तीन चाके एका रुळावर, आणि एका बाजूला आडव्या दांड्याने बाहेर काढलेले एक मोठे चाक सडकेवर. बहुतेक भार रुळावर, तोल सांभाळण्याचे काम ह्या चाकाकडे. आकृती लंगडी आहे हे पहिल्या दृष्टिक्षेपात कळते, आणि ती का लंगडी आहे हेही त्याच दृष्टिक्षेपात कळते. सममितीचा आग्रह धरणारा टीकाकार तिला नापास करील. परंतु विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे जर खरोखर मानायची असतील, तर एकीकडे ओढणारे वजन आणि दुसरीकडे त्याला आवरणारे चाक ह्यांइतका स्पष्ट विरोध-समतोल एखाद्या चित्रात सापडणेही कठीण.

‘लीडर’च्या बाबतीत मर्ढेकरांच्या पक्षाला एक उत्तर देता येईल : फायरमनचे हाल हा नीतीचा विषय आहे, सौंदर्याचा नव्हे, दोहोंची गल्लत करू नये. हे उत्तर क्यू-१ च्या संदर्भात वर स्वीकारले आहे आणि ते सहजासहजी टाकता येत नाही. मात्र त्या उत्तराची एक अट आहे. आवरण हीच कृती आहे, आत जे आहे ते कृतीबाहेरचे आहे, असे आधी मानावे लागते. खेकड्याच्या बाबतीत गती ही आकृतीचाच भाग ठरली. मग त्याच न्यायाने उष्णता, आवाज, हाताला लागणारे दांडे आणि माणसाला मिळणारी जागा ह्याही संवेदनाच आहेत, आणि त्या इंजिनाच्याच आहेत. त्या वगळण्याचे कारण त्या इंद्रियगोचर नाहीत हे असू शकत नाही. त्या फलाटावरील इंद्रियांना गोचर नाहीत, एवढेच असू शकते. हौद्याचा आकार आणि हौद्यातून दिसणारे जग ह्या दोन गोष्टींची रचना एकच मानावी की दोन, हे ठरल्याशिवाय उंटपाठी इंजिनावरील निकाल पुरा होत नाही. न्यू जर्सी सेंट्रल रेल्वेचे १९०१ सालचे असे एक इंजिन, क्रमांक ५९२, बाल्टिमोरच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. चालकाची कोठडी बॉयलरच्या मध्यावर आहे, आणि फायरमनची जागा अजून मागेच आहे.