जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांतील ‘इंटेलिजन्स’ शब्द

पेशवाईअखेरच्या इतिहासासाठीं तत्कालीन इंग्रजी वृत्तपत्रें व मासिकें यांचा उपयोग आपले संशोधक करूं लागले आहेत, ही संतोषाची गोष्ट आहे. परंतु अशा उताऱ्यांचीं जीं मराठी भाषांतरें संग्राहकांत हातोहात फिरतात, त्यांत ‘इंटेलिजन्स’ या एका शब्दानें बराच घोटाळा केला आहे. कोणी त्याचा ‘बुद्धि’ असा अर्थ करतो, तर कोणी हल्लींच्या व्यवहारावरून ‘हेरखातें’ असा. पहिली चूक हास्यास्पद, म्हणून निरुपद्रवी. दुसरी खरी वाटण्याजोगी, म्हणूनच अधिक घातक.

डॉ. जॉन्सन याच्या १७५५ सालच्या कोशांत या शब्दाचा पहिला अर्थ वार्तेची देवघेव, दूरच्या अथवा गुप्त गोष्टींची खबर, असा असून ‘समज’ हा अर्थ अखेरीस दिला आहे. त्याहिपूर्वीं, १६६३ सालीं, रॉजर लेस्ट्रेंज यानें लंडनांत दोन पत्रें काढलीं; एकाचें नांव ‘इंटेलिजन्सर’, दुसऱ्याचें ‘न्यूज’. दोन्ही नांवें एकाच कुळांतलीं.

एकोणिसाव्या शतकांत हा शब्द सदरांच्या मथळ्यांवर स्थिरावला. ‘शिपिंग इंटेलिजन्स’ म्हणजे बंदरांत आल्यागेल्या जहाजांची यादी. लंडनच्या ‘टाइम्स’मधील ‘युनिव्हर्सिटी इंटेलिजन्स’ म्हणजे विद्यापीठांतील पदव्या व नेमणुका. तेथें विद्वानांच्या बुद्धीची मोजदाद नसे. ‘नेव्हल अँड मिलिटरी इंटेलिजन्स’ या सदरांत पलटणींच्या बदल्या, अधिकाऱ्यांच्या बढत्या, लढाऊ जहाजांचें येणेंजाणें. अंक विकत घेणाऱ्या कोणासहि तें उघड. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका हस्तलिखित भाषांतरांत अशाच एका मथळ्यास ‘लष्करी गुप्तवार्ता’ म्हटलें असून, पत्रकर्त्याचे हेर छावणींत होते, असा तर्क टीपेंत लढविला आहे. या तर्कास मथळ्यावांचून दुसरा आधार नाहीं.

आपल्या कामाचें मासिक म्हणजे १८१६ सालीं लंडनांत सुरू झालेलें ‘एशियाटिक जर्नल’. त्यांत ‘एशियाटिक इंटेलिजन्स’ या मथळ्याखालीं कलकत्ता, मद्रास, मुंबई अशीं पोटसदरें करून नेमणुका, जहाजें, जन्म, विवाह, मृत्यु व लढाया यांचीं वर्तमानें देत. मजकूर पुष्कळसा इकडील वृत्तपत्रें, सरकारी खलिते व खासगी पत्रें यांतून उतरलेला. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं झाली; तिची वार्ता जहाजानें लंडनास पोंचून छापली जाण्यास १८१८ साल उजाडलें. तेव्हां अंकाचा महिना तोच घटनेचा महिना समजणें चूक. आणि अशा तिसऱ्या हातच्या साक्षीस हेराच्या ताज्या कागदाचें प्रामाण्य देणें ही त्याहून मोठी चूक. कालनिर्णय व प्रामाण्य, दोन्ही यामुळें बिघडतात.

या शब्दास गुप्ततेचा अर्थ नव्हताच, असें मात्र नव्हे. रेसिडेंटांच्या पत्रव्यवहारांत तो जासुदानें आणलेल्या बातमीसहि लावलेला आढळतो. पुढें १८७३ सालीं लंडनच्या युद्धखात्याची ‘इंटेलिजन्स ब्रँच’ स्थापन झाली व सरकारी खातें हा अर्थ बळावत गेला. म्हणून शब्द दफ्तरांतला कीं छापील सदरांतला, हें आधीं पाहावें.

मराठींत यास ‘वर्तमान’ हा प्रतिशब्द चोख बसतो. ‘बातमी’हि चालेल, कारण ती वर्तमानपत्राची असते तशी जासुदाचीहि असते. अमरकोशांत वार्ता, प्रवृत्ति, वृत्तांत व उदंत हे शब्द एकत्र गणले आहेत. मेघदूतांतील यक्ष मेघाकरवीं आपली ‘प्रवृत्ति’ धाडूं इच्छितो, तिचा अर्थ ‘मनाचा कल’ असा करणारे विद्यार्थी आम्हीं वर्गांत पुष्कळ पाहिले. ‘इंटेलिजन्स’ म्हणजे बुद्धि म्हणणारे त्यांचेच सहाध्यायी.

बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ पासून निघूं लागलें, व त्यांत मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे. ज्यांच्या संग्रहीं त्याचे अंक असतील त्यांनीं, इंग्रजी स्तंभांत हा शब्द आढळल्यास, त्यासमोरील मराठी शब्द अंकाच्या तारखेसह उतरून मंडळाकडे पाठवावा.